आजीचा चष्मा आणि लाल पडदा

पत्र असं आहे:

“मी आणि माझा मावसभाऊ मिळून आमच्या आजीवर एक छोटा माहितीपट करतोय. दोन कॅमेऱ्यांवर घेतलेलं ९ तासांचं ४के फुटेज आहे. पहिला २२ मिनिटांचा कट मी प्रीमियर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये लावला. पुढचं त्याने करायचं ठरलं, म्हणून त्याला प्रोजेक्ट फाइल मेल केली. त्याच्याकडे उघडली तर सगळी टाइमलाइन (क्लिपा ओळीने लावतात ती पट्टी) लाल. ‘ताई, तू रिकामी फाइल पाठवलीस,’ म्हणाला. मग तो येऊन थोडं फुटेज पेनड्राइव्हवर घेऊन गेला आणि प्रोजेक्ट फाइल आम्ही एका ऑनलाइन शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवली. एका रात्री दोघंही तीच फाइल उघडून बसलो होतो. सकाळी बघते तर माझं दोन रात्रींचं काम गायब. शिवाय सुरुवातीला आजी चष्मा शोधतेय असा ४० सेकंदांचा शॉट होता, तो त्याने न विचारता उडवलेला. आता म्हणतो, चाचणीची मुदत संपली, तुझ्या सॉफ्टवेअरचं महिन्याचं भाडं मला परवडत नाही, मी दाविंची रिझॉल्व्ह या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर करतो, तू एक्सएमएल दे. एक्सएमएल म्हणजे काय ते मला माहीत नाही आणि खरं सांगायचं तर द्यावंसंही वाटत नाही. सध्या आमचं बोलणं ‘हो’, ‘नाही’ आणि ‘बघते’ एवढ्यावर आलंय. काय करू?
— लाल पडद्यापुढची ताई”

ताई,

रुसवाफुगवा नंतर बघू. आधी तुमच्या दोन रात्री शोधू, कारण त्या शोधायला मुदत असते.

प्रीमियर उघडू नका. प्रोजेक्ट फाइल जिथे ठेवली होती त्याच फोल्डरमध्ये ‘ऑटो-सेव्ह’ असं नावात असलेलं दुसरं फोल्डर असेल. तुम्ही कधी लक्ष दिलं नसेल, पण तुम्ही काम करत असताना प्रीमियर ठरावीक मिनिटांनी त्यात प्रोजेक्टची प्रत टाकत असतं, नावापुढे तारीख आणि वेळ लावून. ह्या प्रतींची संख्या मर्यादित असते. ती भरली की सगळ्यात जुनी प्रत जाते आणि नवी येते. म्हणून आधी ते अख्खं फोल्डर उचलून दुसऱ्या ठिकाणी कॉपी करा आणि मगच त्या रात्रीच्या वेळेची प्रत उघडून बघा. तिथे मिळालं नाही तर शेअर्ड फोल्डरच्या वेबसाइटवर जाऊन त्या फाइलच्या जुन्या आवृत्त्या बघा. बहुतेक अशा सेवा काही दिवसांच्या आवृत्त्या राखून ठेवतात. त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाची, पण नावात ‘कॉन्फ्लिक्ट’ असा शब्द घुसलेली एखादी फाइल पडली असेल तर तीही उघडा. कित्येकदा हरवलेलं काम तिथेच निपचित पडलेलं असतं.

सापडलं, तर सध्याच्या फाइलवर ते चढवू नका. सध्याचं प्रोजेक्ट उघडा, त्यात जुनं प्रोजेक्ट इम्पोर्ट करा आणि विचारेल तेव्हा फक्त तुमची सिक्वेन्स (म्हणजे तुम्ही लावलेली टाइमलाइन) निवडा. म्हणजे तुमचा कट आणि भावाचा कट एकाच ठिकाणी दोन वेगळ्या सिक्वेन्स म्हणून दिसतील. दोन्ही शेजारी ठेवून बघितल्याशिवाय कोणाचं काय गेलं आणि कोणी काय उडवलं, यावर भांडायचं नाही, असा माझा एक जुना नियम आहे.

आता लाल पडदा. तुमच्या भावाचं ‘रिकामी फाइल’ हे म्हणणं चूक आहे, पण फार चूक नाही. प्रोजेक्ट फाइलमध्ये चित्र नसतं, आवाज नसतो. ती पत्त्यांची वही असते. अमुक ड्राइव्हवर, तमुक फोल्डरमध्ये, अमक्या नावाची क्लिप आहे; तिच्यातला इथपासून इथपर्यंतचा तुकडा घ्या, आवाज एवढा कमी करा, त्यावर हा डिझॉल्व्ह (एक चित्र विरत दुसरं येतं तो) लावा, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. म्हणून ९ तासांचं फुटेज असूनही ती फाइल मेलने जाते. त्याच्या मशीनवर वही उघडली, पण पत्त्यावर घरच नव्हतं. थोडं फुटेज नेल्यावरही त्याने ते वेगळ्याच फोल्डरमध्ये ठेवलं असेल, म्हणजे घर हलवलं पण पत्ता जुनाच. अशा वेळी सॉफ्टवेअर फाइल कुठे आहे ते विचारतं. एक क्लिप दाखवली की त्याच रचनेतल्या बाकीच्या ते स्वतः शोधतं. मात्र फोल्डरांची आतली रचना दोन्हीकडे सारखी हवी. पेनड्राइव्हवर ‘थोडं थोडं’ नेलं की ती रचना सगळ्यात आधी मोडते.

आणि एक खड्डा आहे, ज्यात मी स्वतः पडलोय. बरेच कॅमेरे नवं कार्ड घातलं की क्लिपांचे नंबर पुन्हा एकपासून सुरू करतात. तुमच्याकडे दोन कॅमेरे, त्यामुळे ‘सी०००१’ अशा एकाच नावाच्या दोन क्लिपा सहज असू शकतात. एकदा माझ्याकडे असंच एक प्रोजेक्ट आलं, सगळी कार्डं एकाच फोल्डरमध्ये ओतलेली आणि दुसऱ्या कॅमेऱ्याचं फुटेज नंतर वेगळं आलेलं. मी आनंदाने लिंक जोडत गेलो. लाल गेलं, सगळं रंगीत झालं. प्ले केलं तर आवाज मुलाखतीचा आणि पडद्यावर तीन मिनिटं एक बंद दार. लाल पडदा निदान खरं बोलतो. चुकीची जोडलेली क्लिप गोड हसून खोटं बोलते. म्हणून कार्डागणिक वेगळं फोल्डर: ‘कॅमेरा१_कार्ड१’, ‘कॅमेरा१_कार्ड२’, ‘कॅमेरा२_कार्ड१’. कट सुरू झाल्यावर क्लिपांची नावं बदलायची नाहीत. तो मोह टाळा, नाहीतर स्वतःच्याच मशीनवर लाल पडदा बघाल.

मग फुटेज पाठवायचं कसं? हिशेब करा. साध्या ४के कॅमेऱ्याचं फुटेज साधारण १०० मेगाबिट प्रतिसेकंद धरलं तर तासाला ४५ जीबी होतं. ९ तासांचे ४०५ जीबी. तुमच्या इंटरनेटचा अपलोडचा वेग २० मेगाबिट असेल (डाउनलोडचा नाही, अपलोडचा, जाहिरातीत दिसतो तो बहुधा डाउनलोडचा असतो), तर अखंड ४५ तास लागतील, तेही मधे काही तुटलं नाही तर. हे काम इंटरनेटचं नाही, हार्डडिस्कचं आहे. दोन डिस्क घ्या, दोन्हींवर एकच फोल्डर, आत सगळं सारखं. एक तुमच्याकडे, एक त्याच्याकडे. कॉपी झाल्यावर दोन्हीकडचे एकूण बाइट आणि फाइलींची संख्या ताडून बघा. मिनिटभराचं काम आहे. आणि मूळ फुटेजची एकमेव प्रत कधीही घराबाहेर पाठवू नका. आजीच्या मुलाखती पुन्हा घेता येतील, पण ती तेच तसं पुन्हा सांगेल असं नाही.

डिस्क पोचायला आठवडा लागणार असेल तर तोवर प्रॉक्सी. म्हणजे त्याच क्लिपांच्या हलक्या, कमी रेझोल्यूशनच्या प्रती. ८ मेगाबिटच्या प्रॉक्सी केल्या तर तासाला ३.६ जीबी, सगळं मिळून साधारण ३२ जीबी. त्याच वेगाने चार तासांच्या आत चढतं. कट लावायला त्या पुरतात. रंग आणि अंतिम एक्सपोर्ट मूळ फुटेजवर.

प्रीमियरमध्ये ‘प्रोजेक्ट मॅनेजर’ नावाची एक सोय आहे. वापरलेल्या फाइली गोळा करून प्रोजेक्टसकट नव्या जागी कॉपी करते. तुम्हाला कुणीतरी ती सुचवेल. उपयोगाची आहे, पण तिच्यात ‘न वापरलेल्या क्लिप वगळा’ अशी एक खूण असते, ती काढायची. नाहीतर भावाला फक्त तुम्ही कटमध्ये वापरलेल्या क्लिपाच मिळतील आणि बाकीचं फुटेज त्याच्यासाठी घडलंच नाही असं होईल. मग तो पुढचा कट कशातून लावणार? आफ्टर इफेक्ट्स या इफेक्टच्या सॉफ्टवेअरमधून थेट जोडलेलं काही असेल तर तेही ही सोय गोळा करत नाही. तुमच्या प्रकारच्या कामात अख्खं फोल्डर जसंच्या तसं कॉपी करणंच मला बरं वाटतं. प्रीव्ह्यू आणि कॅशच्या (सॉफ्टवेअरने स्वतःसाठी केलेल्या तात्पुरत्या) फाइली मात्र मागे ठेवा. त्या त्याच्या मशीनवर पुन्हा तयार होतात, उगीच डिस्क भरतात.

आता त्या रात्रीचं. दोघांनी एकाच वेळी एकच कागद लिहावा तसं ऑनलाइन लिहिता येतं, म्हणून प्रोजेक्ट फाइलचंही तसंच होईल असं वाटतं. होत नाही. साधी प्रोजेक्ट फाइल सेव्ह होते ती अख्खी. समजा, तुम्ही रात्री ११ ला उघडली, त्याने ११.१० ला. तुम्ही १ वाजता सेव्ह केली, त्याने २ वाजता. त्याच्या स्क्रीनवर तुमचे बदल कधी आलेच नव्हते, त्यामुळे त्याची २ ची फाइल तुमच्या १ च्या फाइलवर बसली. त्याने तुमचं काम पुसलं नाही. त्याला ते दिसलंच नव्हतं. हे एवढं त्याच्या बाजूने. (चष्म्याच्या शॉटचं वेगळं, त्या विषयाकडे नंतर येतो.) दोघांनी खरोखर एकाच वेळी काम करावं अशा सोयी आहेत, प्रीमियरचे टीम प्रोजेक्ट्स आहेत, रिझॉल्व्हमध्ये २०२२ च्या १८व्या आवृत्तीपासून क्लाउडवरची प्रोजेक्ट लायब्ररी आहे. पण दोन माणसांच्या २२ मिनिटांच्या कामाला मी एवढा थाट करणार नाही. पाळी लावा. ती कशी, ते शेवटी.

एक्सएमएल. ‘द्यावंसं वाटत नाही’ असं तुम्ही लिहिलंय आणि मला ते कळतं. तयार व्हिडिओ देणं वेगळं आणि टाइमलाइन देणं वेगळं. टाइमलाइन म्हणजे तुम्ही कुठे अडखळलात, कुठे दहा तुकडे जोडून एक वाक्य केलंत, ते सगळं उघडं. एखाद्या परक्या माणसाने मागितलं असतं तर मी तुम्हाला सांगितलं असतं की आधी विचारा, नक्की कशाला हवंय. कित्येकदा माणसाला फक्त बघून मत द्यायचं असतं, तेव्हा साधा एमपी४ आणि मिनिट-सेकंदासह लिहिलेले शेरे पुरतात. कुणाला उपशीर्षकं लावायची असतात, त्याला एसआरटी फाइल पुरते. आवाजावर काम करणाऱ्याला एएएफ (आवाजाच्या ट्रॅकांचा उतारा) लागतं, चित्राचे थर नकोत. ‘प्रोजेक्ट दे’ असं म्हणणाऱ्या निम्म्या लोकांना प्रोजेक्ट नको असतं. पण तुमचा भाऊ त्या निम्म्यात नाही. तो पुढचा कट लावणार आहे, आजी त्याचीही आहे. त्याला द्यावंच लागेल.

एक्सएमएल म्हणजे त्या पत्त्यांच्या वहीचा दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येईल असा उतारा. प्रीमियरमध्ये एक्सपोर्टच्या यादीत तो ‘फायनल कट प्रो एक्सएमएल’ नावाने दिसेल. तुमच्यापैकी कुणाकडेच फायनल कट नाही म्हणून गोंधळू नका. जुन्या फायनल कट प्रो ७ च्या काळात तो साचा रुळला आणि नाव चिकटलं. गंमत अशी की २०११ साली फायनल कट प्रो एक्स आलं तेव्हा त्यालाच स्वतःच्या जुन्या आवृत्तीची प्रोजेक्टं उघडता येत नव्हती. एकाच घरातल्या दोन पिढ्यांची ही कथा, तर दोन घरांत किती भाषांतर होणार? उताऱ्यात काय जातं: कोणती क्लिप, कुठून कुठपर्यंत, कोणत्या ट्रॅकवर (टाइमलाइनच्या थरावर), साधे डिझॉल्व्ह, बहुतेक वेळा क्लिपची जागा आणि आकार, एकसारखा ठेवलेला वेग. काय जात नाही: तुमचे रंग, तुमची शीर्षकं, स्टॅबिलायझर, बाहेरून घेतलेले प्लगइन. वेग हळूहळू वाढवत नेला असेल तर तोही बिघडतो. ईडीएल नावाचा आणखी जुना उतारा कुणी सुचवला तर नको म्हणा. तो टेपच्या जमान्यातला आहे आणि एकाच व्हिडिओ ट्रॅकचा विचार करतो.

यावरून माझं मत, आणि इथे मी मधला मार्ग काढणार नाही: तुम्ही दोघांनीही रिझॉल्व्हवर जा. आत्ता, एकदाच, आणि परत यायचं नाही.

कारणं सांगतो. रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालते, म्हणजे भावाच्या भाड्याचा प्रश्न मिटतो. तो प्रश्न खरा आहे, त्याला ‘टाळाटाळ’ समजू नका. पैशाचं कारण सांगायला धाकट्याला थोडं धैर्य लागतं. दुसरं, तुमचा कट अजून कच्चा आहे. रंग नाहीत, शीर्षकं मोजकी असतील. उताऱ्यात जे हरवतं ते तुमच्याकडे अजून फारसं नाहीच. महिनाभराने हीच उडी महाग पडेल. आणि तिसरं, सगळ्यात मोठं: एक्सएमएल हा जाण्याचा रस्ता आहे, ये-जा करण्याचा नाही. तुम्ही प्रीमियरवर आणि तो रिझॉल्व्हवर राहून दर आठवड्याला उतारे एकमेकांकडे फेकत राहिलात, तर प्रत्येक फेरीत थोडं थोडं गळत जाईल आणि दर वेळी वाटेल की समोरच्याने उडवलं. तुमच्यात आधीच एक ‘उडवलं’ आहे.

उडी मारण्याआधी मात्र एक चाचणी. दोन्ही कॅमेऱ्यांची एकेक क्लिप त्याच्याकडे पाठवा आणि रिझॉल्व्हमध्ये उघडायला सांगा. विंडोजवरच्या मोफत आवृत्तीत १० बिटचं ४:२:२ एच.२६४ किंवा एच.२६५ फुटेज उघडत नाही. आवाज येतो, चित्र येत नाही. तुमचे कॅमेरे तसं फुटेज देत असतील तर ते आधी दुसऱ्या कोडेकमध्ये (व्हिडिओ साठवायच्या पद्धतीत) बदलून घ्यावं लागेल किंवा त्याला पैसे भरून स्टुडिओ आवृत्ती घ्यावी लागेल. हे पहिल्या दिवशी कळलेलं बरं. मोफत आवृत्तीचं आउटपुट ३८४० बाय २१६० पर्यंतच जातं, ते तुम्हाला पुरे आहे. काही इफेक्ट फक्त स्टुडिओत आहेत, मोफतमध्ये लावले की चित्रावर शिक्का उमटतो. तर ते लावू नका, एवढंच.

मग अशी तयारी करा. प्रीमियरमध्ये तुमच्या सिक्वेन्सची प्रत काढा, मूळ सिक्वेन्सला हात लावू नका. प्रतीमध्ये साफसफाई: नेस्ट केलेल्या (एकीच्या आत एक ठेवलेल्या) सिक्वेन्स उलगडा, मल्टिकॅम (दोन कॅमेरे एकत्र बांधलेली क्लिप) असेल तर ‘फ्लॅटन’ करून साधी करा, शीर्षकं आणि इफेक्ट काढून टाका, पाच ट्रॅकवर उगीच विखुरलेल्या क्लिपा दोन-तीन ट्रॅकवर खाली आणा. शीर्षकांचा मजकूर एका साध्या फाइलमध्ये लिहून ठेवा. मूळ सिक्वेन्सचा सगळ्या शीर्षकांसकट एक एमपी४ काढा, त्यावर टाइमकोड (पळत्या वेळेचा आकडा) चालू दिसेल असा. हा तुमचा पुरावा. मग प्रतीचं एक्सएमएल. भावाने रिझॉल्व्हमध्ये नवं प्रोजेक्ट उघडून आधी फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) तुमच्या सिक्वेन्सचाच ठेवायचा, कारण एकदा फुटेज आत आलं की तो बदलता येत नाही. त्यानंतर फुटेज आत, मग एक्सएमएल, आणि सगळ्यात वरच्या ट्रॅकवर तुमचा एमपी४. तो अर्धवट पारदर्शक करून २२ मिनिटं शांतपणे बघायची. जिथे वरचं आणि खालचं चित्र जुळणार नाही तिथे मार्कर, म्हणजे टाइमलाइनवरची खूण. हे काम तुम्ही दोघांनी एकत्र बसून करा, एका खोलीत किंवा स्क्रीन शेअर करून. कट तुमचा आहे, काय हवं होतं ते तुम्हालाच माहीत. आणि खरं कारण म्हणजे, त्या ४० सेकंदांवर आल्यावर तुम्हा दोघांना बोलावंच लागेल.

फॉन्ट. दुसऱ्या मशीनवर तो नसेल तर सॉफ्टवेअर कित्येकदा गुपचूप दुसरा घालतं. मराठी अक्षरांचं त्यात कधीकधी पार बिघडतं: ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते, जोडाक्षरांचे पाय मोडतात. सुरुवातीपासून मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी यांसारखा मुक्त परवान्याचा फॉन्ट वापरा आणि त्याची फाइल प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच ठेवा, म्हणजे देण्याघेण्याचा प्रश्न उरत नाही. विकत घेतलेला फॉन्ट किंवा संगीत तुमच्या नावावर असतं. ते दुसऱ्याला फाइलबरोबर देता येतंच असं नाही, परवाना वाचा.

रिझॉल्व्हवर गेल्यावर एक गोष्ट नवीन वाटेल. तिथे प्रोजेक्ट ही फोल्डरमध्ये दिसणारी फाइल नसते, सॉफ्टवेअरच्या आतल्या लायब्ररीत असते. ती बाहेर काढायची म्हणजे एक्सपोर्ट करायची. डीआरपी नावाची फाइल मिळते, ती पुन्हा पत्त्यांची वही. (फुटेजसकट सगळं हवं असेल तेव्हा ‘प्रोजेक्ट आर्काइव्ह’. काम संपल्यावर एकदा तो जरूर काढा.) तुमच्या दोघांकडे सारखी डिस्क आहे, म्हणजे रोज पाठवायची ती फक्त डीआरपी, मेलने जाईल एवढी. दोघांची मशीन विंडोजची असतील तर दोन्ही डिस्कांना एकच ड्राइव्ह अक्षर देऊन टाका, समजा ‘आर’. पत्ता दोन्हीकडे हुबेहूब एक झाला, आता लाल पडदा येणारच नाही. एकाकडे मॅक असेल तर डिस्क ‘एक्सफॅट’ प्रकारात फॉरमॅट करा, नाहीतर मॅकला नेहमीच्या विंडोजच्या डिस्कवर नुसतं वाचता येतं, लिहिता येत नाही. शिवाय दोघांची रिझॉल्व्हची आवृत्ती एकच हवी. नव्या आवृत्तीतलं प्रोजेक्ट जुनीत उघडत नाही, आणि ‘अपडेट उपलब्ध आहे’ हे बटण फार गोड असतं. माहितीपट पुरा होईपर्यंत दोघांनीही ते दाबायचं नाही.

आता पाळी. एका वेळी एकाच्याच हातात प्रोजेक्ट. ज्याच्या हातात ते, त्याने काम संपवून डीआरपी पाठवायची आणि ‘आता तुझ्याकडे’ असा निरोप द्यायचा. निरोप आला नाही तर समोरच्याने उघडून बघायचं, पण हात लावायचा नाही. फाइलच्या नावात क्रमांक आणि अक्षर: ‘आजी_०१४_ता’, ‘आजी_०१५_भा’. जुन्यावर सेव्ह करायचं नाही, क्रमांक वाढवायचा. ‘फायनल’ हा शब्द नावात आणू नका. तो आला की त्याच्यामागून ‘फायनल२’ आणि ‘फायनल_खरंच’ येतातच. प्रत्येक फाइलबरोबर दोन-चार ओळी: काय बदललं, काय अर्धवट आहे, कुठे तुझं मत हवंय. मार्करचे रंगही वाटून घ्या.

आणि चष्मा. न विचारता काढणं चूकच, ते त्याला सांगा. पण त्याला संधी मिळाली ती तुमच्या रचनेमुळे. एकच टाइमलाइन, तिच्यावर दोघांचे हात, ‘काय काढायचं नाही’ हे कधी कुणी बोललं नाही. पुढे असं करा. पाळी आली की आधी टाइमलाइनची प्रत काढायची, जुनी ‘आधीचे’ नावाच्या बिनमध्ये (सॉफ्टवेअरमधल्या फोल्डरात). आणि दुसऱ्याने लावलेला शॉट नकोसा वाटला तर डिलीट करायचा नाही, बंद करायचा. रिझॉल्व्हमध्ये क्लिप निवडून इंग्रजी ‘डी’ दाबलं की ती जागच्या जागी राहते, फक्त दिसत नाही, ऐकू येत नाही. पुन्हा ‘डी’ दाबलं की परत. तिच्यावर मार्कर लावून कारण लिहायचं. ‘फार लांब’ एवढं लिहिलं तरी चालेल. बंद केलेल्या शॉटवर वाद घालता येतो. उडवलेल्यावर फक्त भांडता येतं.

(त्या शॉटबद्दल माझं मत तुम्ही विचारलेलं नाही. पण ४० सेकंद हे सुरुवातीला खूप आहेत, ताई. भावाचं अगदीच चुकलं असं मला म्हणवत नाही.)

आज संध्याकाळी त्याला हे पाठवा, वाटल्यास शब्द बदलून:

“अरे, ती फाइल रिकामी नव्हती, पत्ते होते, घरं माझ्याकडे राहिली. त्या रात्री तू माझं काम पुसलं नाहीस हे आज कळलं. ऑटो-सेव्हमध्ये शोधतेय, सापडलं की सांगते. मी रिझॉल्व्हवर यायला तयार आहे, शिकवशील का? आधी दोन क्लिपा पाठवते, चित्र दिसतंय का एवढं बघ. दिसलं तर रविवारी डिस्क घेऊन येते. आणि चष्मा परत लाव. मग दोघं मिळून तो किती कापायचा ते बघू.”